पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचा हिशेब जिल्ह्यात कोण मागणार?

रानजाई (धागाकर्ती)

आमच्या तालुक्यात कुठे चोरी झाली की पहाटे पारधी बेड्यावर (वस्तीवर) पोलिसांची जीप येते. दोन-तीन पोरं उचलली जातात आणि त्यांच्या आया, बायका दिवसभर ठाण्याच्या फाटकाबाहेर बसून राहतात. आत जाऊन विचारलं तर ठाणे अंमलदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "अटक नाही केली, चौकशीला बसवलंय."

या एका वाक्यात सगळी मेख आहे. अटक नाही, म्हणजे अटकेचा पंचनामा नाही. नातेवाइकांना कळवणं नाही, डॉक्टरी तपासणी नाही, वकील नाही, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नावही नाही. अटकेतल्या माणसासाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा नियम घालून दिले, नंतर ते कायद्यातही आले. पण ते सगळे नियम अटक कागदावर आल्यानंतर सुरू होतात. जो माणूस कागदावर आलाच नाही, त्याच्यासाठी साक्षीदार कोण? त्या इमारतीत तो होता, किती वाजता आला, कसा चालत आला आणि कसा बाहेर पडला, हे सांगू शकणारा एकच साक्षीदार उरतो. भिंतीवरचा कॅमेरा.

म्हणून आमच्या गटाने (दोन शिक्षक, एक वकील, बेड्यावरच्या दोन बायका, एक निवृत्त तलाठी आणि मी) बाकीचे विषय जरा बाजूला ठेवून कॅमेऱ्याचा प्रश्न धरलाय. त्यात हाती लागलेल्या गोष्टी इथे मांडते, म्हणजे इतर जिल्ह्यांतल्या लोकांनाही त्या उचलता येतील.

२ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी आदेश दिला. कॅमेरे कुठे हवेत त्याची यादीच निकालात आहे: येण्या-जाण्याची सगळी दारं, मुख्य फाटक, सगळे लॉकअप, बोळ, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, उपनिरीक्षकाची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, पुढचं आवार, इमारतीची मागची बाजू, शौचालयाच्या बाहेर. अंधारात दिसलं पाहिजे, आवाजही टिपला गेला पाहिजे. रेकॉर्डिंग अठरा महिने साठवायचं. तशी यंत्रणा मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. आणि ठाण्यात मोठ्या अक्षरांत, लोकांना समजेल अशा भाषेत फलक हवा की इथे कॅमेरे आहेत, मानवी हक्कांचा भंग झाला तर कुठे तक्रार करायची, आणि ते चित्रण राखून ठेवायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. या सगळ्यावर देखरेखीसाठी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती नेमायला न्यायालयाने सांगितलं. विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि चौथा सदस्य शहरात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा प्रमुख. म्हणजे तुम्ही-आम्ही मत देऊन निवडलेला माणूस. कॅमेरा बंद पडला तर ठाणे प्रभारीने या समितीला लगेच कळवायचं. समितीने दर महिन्याला राज्याच्या समितीला अहवाल द्यायचा. आणि कुणी तक्रार केलेली नसतानाही अधूनमधून चित्रण पाहून गैरप्रकार झालाय का ते तपासायचं. हे शेवटचं काम वाचलं तेव्हा मी निकालाचं ते पान दोनदा वाचलं.

आम्ही माहिती अधिकारात विचारलं: समिती कधी नेमली, किती बैठका झाल्या, इतिवृत्ताच्या प्रती द्या, जिल्ह्यातल्या ठाण्यांत किती कॅमेरे चालू, किती बंद, साठवण किती दिवसांची. उत्तर आलं. बैठकांचे इतिवृत्त: निरंक, म्हणजे काहीच नाही. अहवाल: निरंक. चालू-बंदचा तपशील "सुरक्षेच्या कारणास्तव" नाकारला. त्यावर अपील चालू आहे.

आपल्याकडे २०२२ पासून कित्येक जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते. म्हणजे समितीतली लोकांची एकमेव खुर्चीही सरकारी अधिकाऱ्याकडेच. पोलिसांवर देखरेख करणाऱ्या टेबलाभोवती एकही निवडून आलेला माणूस नव्हता, आणि त्याबद्दल जिल्ह्यात कुठे बातमी नव्हती, चर्चा नव्हती.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पोलीस हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय, सुधारणेचे आदेश दिल्लीहून येतात, आणि मार बसतो तो तालुक्याच्या ठाण्यात. या तिन्हींना जोडणारी जागा जिल्ह्यात तयार आहे, कायद्याने दिलेली आहे, आणि ती रिकामी आहे. ती भरायला कुणा मंत्र्याची परवानगी लागत नाही.

तुमच्या जिल्ह्यात काय स्थिती आहे? कुणी असा अर्ज केलाय का?

---

उंबरठा

वाचतेय. अमरावती विभागातून आहे, आमच्याकडे विचारून बघते.

---

कोर्टाची_पायरी

तालुका कोर्टात फौजदारी प्रॅक्टिस करतो. ताई, विषय अचूक धरलात. माझ्याकडून थोडी भर.

रिमांडच्या वेळी काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: दुपारी अडीच-तीनला आरोपीला आणतात. मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" ज्यांच्या ताब्यात रात्र काढली तेच दोन पोलीस आरोपीच्या कोपराला खेटून उभे असतात, आणि पीसीआर (पोलीस कोठडी) मिळाली तर त्याच जीपमधून परत जायचं असतं. पोरगा मान हलवतो. नोंद होते: "तक्रार नाही." वकिलाचं खरं काम या प्रश्नाच्या आधी आहे. कोर्टाच्या आवारात पाच मिनिटं भेटायचं, शर्ट वर करायला सांगायचं, तळपाय बघायचे, आणि जे दिसेल ते लेखी अर्जात लिहून प्रश्न येण्याआधीच समोर ठेवायचं. त्याच अर्जात मागणी करायची की अमुक तारखेच्या अमुक वेळेपासून ठाण्यातलं चित्रण राखून ठेवण्याचा आदेश व्हावा. "चौकशीला बसवलं होतं" ती वेळही त्यात घालायची, नुसती कागदावरच्या अटकेपासूनची नाही. पोलीस अधीक्षकांना तोच अर्ज त्याच दिवशी, पोच घेऊन.

अटकेची कारणं लेखी देण्याबद्दल: नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून वर गेलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुठलाही गुन्हा असो, कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि अगदी उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. हे अजून ठाण्या-ठाण्यांत पोचायचंय. मी त्या निकालाची प्रत बॅगेतच ठेवतो.

आणखी एक. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (१ जुलै २०२४ पासून लागू) पोलीस कोठडीचे पंधरा दिवस सलग नसले तरी चालतात. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी मागता येतात. जुन्या पद्धतीत पहिले पंधरा दिवस उलटले की पोलीस कोठडीची भीती संपायची. आता ती दोन महिने डोक्यावर राहू शकते. म्हणून कॅमेऱ्याची साठवण एक आठवड्याची असेल तर तिचा काही उपयोग नाही. अठरा महिन्यांचा आग्रह याचसाठी.

---

माणगंगा_७२

एक विचारतो, राग मानू नका. चोर-दरोडेखोरांच्या हक्कांसाठी एवढी धडपड, आणि ज्याच्या घरात चोरी झाली त्याचं काय? आमच्या गावात शेतातल्या मोटारी, केबल चोरीला जातात. पोलिसांनी जरा दम दिल्याशिवाय कुणी कबूल होत नाही ही वस्तुस्थिती आहे.

---

रानजाई

दादा, राग कसला. मोटार गेल्यावर तुम्ही ठाण्यात गेलात तेव्हा गुन्हा नोंदवला का, की "अर्ज देऊन जा, बघतो" म्हणाले? बहुतेकांच्या वाट्याला दुसरं येतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं. तरी साध्या अर्जावर बोळवण होते, कारण गुन्हा नोंदवला की आकडा वाढतो आणि तपास करावा लागतो. तुम्ही ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर किती वेळ ताटकळलात, काय सांगितलंत, काय उत्तर मिळालं, हेही तोच कॅमेरा टिपतो. तो आवाजासह चालू असला तर पहिला फायदा तुमच्यासारख्या फिर्यादीला आहे.

आणि दम देऊन कबूल करवलेल्याचं पुढे काय होतं ते कोर्टाची_पायरी सांगतील. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. बेड्यावरचा पोरगा मार खाऊन "मीच नेली" म्हणतो, खरा चोर तुमची दुसरी मोटार न्यायला मोकळा राहतो.

---

कोर्टाची_पायरी

बरोबर. कबुलीच्या आधारावर उभी केलेली चोरीची केस साक्षीदारांच्या उलटतपासणीत कोसळते. मुद्देमाल नाही, बोटांचे ठसे नाहीत, पंच फितूर. निर्दोष सुटका, आणि फिर्यादीच्या हातात काही नाही.

---

खाकीतलं_घर

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, भाऊ आता शिपाई आहे. हा धागा वाचताना मन दुखलं, पण लिहिलेलं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. भाऊ बंदोबस्ताहून येतो तेव्हा त्याचे पाय सुजलेले असतात. गणपती, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, मोर्चा, परत ठाण्यात रात्रपाळी. तपास कधी करायचा? वरून फोन येतो, "उद्या सकाळपर्यंत डिटेक्शन पाहिजे," म्हणजे गुन्ह्याचा छडा. मग शॉर्टकट. आणि प्रकरण अंगलट आलं की निलंबित होतो शिपाई. ज्याने फोन केला त्याचं नाव कुठेच नसतं.

म्हणून माझी विनंती आहे की उत्तरदायित्व मागताना ही बाजूही मागणीत घ्या. मुंबईत आठ तासांची ड्युटी २०१६ मध्ये देवनार ठाण्यात सुरू झाली, ती एका शिपायानेच आकडेमोड करून मांडलेल्या योजनेवर. वरिष्ठांनी ती ऐकली, करून पाहिली, मग इतर ठाण्यांत नेली. म्हणजे खालच्या माणसाला विचारलं तर मार्ग निघतो.

प्रकाश सिंह निकालात तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा असं म्हटलंय ना? ते झालं तर माझ्या भावासारख्यांचा जीव अर्धा हलका होईल. तपासावरचा माणूस बंदोबस्ताला जाणार नाही.

---

रानजाई

ताई, तुमचा प्रतिसाद आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. आमच्या निवेदनात "वरून आलेल्या तोंडी आदेशाची ठाणे दैनंदिनीत नोंद व्हावी" ही ओळ घालते. फोन करणाऱ्याचं नाव कागदावर आलं तर शिपाई एकटा बळी जाणार नाही.

---

सदाफुली

प्रकाश सिंह निकाल म्हणजे नेमकं काय? नाव नेहमी ऐकते.

---

शेवग्याची_शेंग

मी लिहितो, या विषयाचा बराच पाठपुरावा केलाय.

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. ते धूळ खात पडले. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात न्यायालयाच्या सांगण्यावरून आणखी एक समिती झाली, तिचे अध्यक्ष मुंबईचे माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो. अखेर २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला, सात निर्देशांसह: राज्य सुरक्षा आयोग, महासंचालकांची निवड गुणवत्तेवर आणि किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, अधीक्षक आणि ठाणे प्रभारी यांनाही किमान दोन वर्षं, तपास वेगळा, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण, आणि केंद्रीय दलांसाठी राष्ट्रीय आयोग. राज्यांनी कायदा करेपर्यंत हे निर्देशच लागू राहतील असं न्यायालयाने म्हटलं. राज्यांनी मग कायदे केले, आणि त्या कायद्यांतच निर्देश पातळ केले.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात सुधारणा केली. न्यायालयाने जिल्हा प्राधिकरण म्हटलं होतं, आपल्या कायद्यात ते विभाग पातळीवर नेलं. म्हणजे गडचिरोलीच्या माणसाने नागपूरला आणि नंदुरबारच्या माणसाने नाशिकला जायचं. राज्याचं प्राधिकरण मुंबईत, ते प्रत्यक्ष कामाला लागायला २०१७ उजाडलं. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, बाकी सदस्यांत निवृत्त पोलीस अधिकारी, निवृत्त सनदी अधिकारी, आणि नागरी समाजातली एक व्यक्ती.

तरी मी म्हणेन की हे प्राधिकरण लोकांनी वापरलंच पाहिजे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, पद्धत न पाळता केलेली अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी, जमीन-घर बळकावणं, हे सगळं त्याच्या कक्षेत आहे. त्याला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आणि एक कलम फार मोलाचं आहे: सरकारने अहवाल स्वीकारला आणि त्यात दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तोच अहवाल पोलीस ठाण्यात एफआयआर म्हणून नोंदवायचा. अपवादात्मक परिस्थितीत सरकारला अहवाल नाकारता येतो, पण कारणं लेखी द्यावी लागतात. ती लेखी कारणं मागायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

ताईंच्या "चौकशीला बसवलंय" या प्रकारालाही हे दार उघडं आहे, कारण पद्धत न पाळता ताब्यात ठेवणं कायद्यातच लिहिलंय. पुरावा म्हणून पुन्हा कॅमेराच.

---

मांडवीतीर

आमच्या गोव्यात तक्रार प्राधिकरण २००७ मध्येच आलं, पण सरकारी अधिसूचनेने. शिफारस करण्यापलीकडे दात नाहीत. महाराष्ट्राला निदान कायदा तरी आहे, त्याचा पुरेपूर वापर करा.

---

टेम्सकाठचा_देवगडकर

इंग्लंडमध्ये राहतो. इथली एक व्यवस्था सांगावीशी वाटते, कारण ती थेट ताईंच्या प्रश्नाशी भिडते.

१९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात दंगल झाली. काळ्या तरुणांना रस्त्यात अडवून झडती घेण्याच्या पोलिसी पद्धतीविरुद्धचा तो उद्रेक होता. लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी अहवालात एक सूचना होती की सामान्य नागरिकांनी पोलीस कोठड्यांना अचानक भेट द्यावी. ती आता कायद्याने चालते. सामान्य नोकरदार, गृहिणी, निवृत्त माणसं स्वयंसेवक म्हणून जोडीने जातात. आगाऊ कळवत नाहीत. कोठडीतल्या माणसाला विचारतात: जेवलास का, पांघरूण मिळालं का, वकिलाशी बोललास का, डॉक्टर आले का. तू काय केलंस, हे विचारायचं नाही, तो त्यांचा विषयच नाही. अहवाल लिहून देतात. दुसरं म्हणजे, कोठडीची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याकडे असते त्याचा त्या गुन्ह्याच्या तपासाशी संबंध नसतो, हे १९८४ च्या कायद्यानेच ठरवलंय.

इथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. कोठडीत माणसं इथेही मरतात आणि काळ्यांच्या झडत्या आजही गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतात. पण दार वाजवणारा बाहेरचा माणूस असतो, एवढा फरक मला मोठा वाटतो.

---

कोर्टाची_पायरी

देवगडकर, हे आपल्याकडेही आणता येतं. डी. के. बसू प्रकरणातच २४ जुलै २०१५ ला पुढचा निकाल झाला. त्यात तुरुंगांना आणि पोलीस ठाण्यांना अचानक भेटी देण्यासाठी अशासकीय अभ्यागत नेमण्याचा राज्यांनी विचार करावा, असं न्यायालयाने म्हटलंय. तुरुंगांसाठी अशी मंडळं नियमांत आहेत. ठाण्यांसाठी कुणी मागणीच लावून धरली नाही. ताई, निवेदनात हा मुद्दा घालाच.

जाता जाता: डी. के. बसू हे पश्चिम बंगालच्या विधी साहाय्य संस्थेचे कार्यकारी अध्यक्ष होते. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच पुढे याचिका झाली. आज अटकेच्या पंचनाम्यावर नातेवाइकाची सही घेतली जाते ती त्या पत्रामुळे.

---

जुनी_विदर्भवासी

वय झालंय, टायपिंगला वेळ लागतो, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९७२ मध्ये देसाईगंजच्या (तेव्हा चांदा जिल्हा) पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा प्रकरण म्हणून सगळ्यांना माहीत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती. पुढच्या वर्षी चार कायद्याच्या प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ८ मार्च १९८० ला बायका रस्त्यावर उतरल्या. आमच्यापैकी कित्येकींनी "पोलीस ठाण्यात बलात्कार" हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले ते तेव्हा. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी, किमान दहा वर्षांची शिक्षा आली. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं ठरलं.

ज्या मुलीमुळे देशातल्या बायकांना हे मिळालं तिला स्वतःला न्याय मिळाला नाही. तो निकाल तसाच राहिला. हे मी विसरत नाही आणि नव्या मुलींनाही विसरू देत नाही.

पण मला सांगायचंय ते असं: कोठडीतल्या मारहाणीसाठी मात्र असा बदल अजून झालेला नाही. १९८५ मध्ये विधी आयोगाने ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की कोठडीत असताना माणसाला इजा झाली तर ती ताब्यात ठेवणाऱ्या पोलिसाने केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं. २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं. २०२३ मध्ये अख्खा पुरावा कायदा नव्याने लिहिला, त्यातही ते कलम आलं नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली, अजून मान्यता दिलेली नाही. छळप्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. जिल्ह्याची कामं करा, पण खासदाराला हा प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नका.

---

सदाफुली

आजी, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. लिहीत राहा.

---

गोदाकाठ

परभणीचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याकडे काय झालं ते राज्याने पाहिलं. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, त्यानंतरचा बंद, धरपकड, आणि कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे आदेश कायम राहिला. त्या आईच्या मागे मोठी चळवळ उभी होती, वकील उभे होते. ज्याच्या मागे कुणी नाही त्याने काय करायचं, हा माझा प्रश्न आहे. सांगलीत २०१७ मध्ये कोठडीतल्या तरुणाचा मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला, आणि घरच्यांना आधी सांगितलं होतं की तो पळून गेला. म्हणून कॅमेऱ्याचा मुद्दा मला पटतो. "पळून गेला" म्हणणाऱ्याला दारावरचं चित्रण मागता आलं पाहिजे.

---

रानजाई

गोदाकाठ, ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यासाठीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० वर फोन करता येतो, आणि अटकेच्या क्षणापासून मोफत वकील द्यायची योजना कागदावर आहे. आमच्या तालुक्यात ती वापरात यावी म्हणून बेड्यावरच्या बायकांनी एक वही ठेवलीय. जीप आली की तिचा नंबर, वेळ, छातीवरच्या पाटीवरचं नाव, कुणाला नेलं. ज्यांना लिहिता येत नाही त्या शाळेतल्या पोरीला हाक मारतात. मग वकिलांना फोन, आणि त्याच दिवशी चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज. वही सुरू झाल्यापासून "चौकशीला बसवलेले" संध्याकाळच्या आत घरी येऊ लागलेत. नेहमी नाही, पण येऊ लागलेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातमीवरून सर्वोच्च न्यायालयाने बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली आहे. म्हणजे विषय वर तापलेला आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांतून "निरंक" अशी उत्तरं गोळा झाली तर ती तिथे कामाला येतील.

निवेदनाचा मसुदा असा आहे, सुचवण्या द्या:

"जिल्हा परिषदेच्या मा. अध्यक्षांनी, सदर देखरेख समितीच्या सदस्य या नात्याने, समितीची बैठक बोलावण्याची लेखी मागणी करावी. प्रत्येक ठाण्यातल्या चालू व बंद कॅमेऱ्यांची संख्या, साठवणुकीचा कालावधी आणि दुरुस्तीला लागलेले दिवस दर तीन महिन्यांनी जाहीर करावेत. हक्कांचा फलक मराठीत लावावा, आदिवासी व भटक्या वस्त्यांच्या ठाण्यांत त्यांच्या बोलीतही लावावा. वरिष्ठांच्या तोंडी आदेशांची दैनंदिनीत नोंद व्हावी. ठाण्यांसाठी अशासकीय अभ्यागत नेमण्याची शिफारस राज्य शासनाकडे करावी, त्यात निम्म्या स्त्रिया आणि भटक्या-विमुक्तांचे प्रतिनिधी असावेत. विभागीय तक्रार प्राधिकरणाने दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी घ्यावी. आणि छळविरोधी करारास मान्यता देऊन कायदा करावा, असा ठराव केंद्र सरकारकडे पाठवावा."

---

कोर्टाची_पायरी

कॅमेऱ्यांच्या वाक्यात "जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून दुरुस्तीची तरतूद" घाला. नाहीतर "निधी उपलब्ध नाही" हे उत्तर आत्ताच लिहून ठेवा. "निरंक"च्या उत्तराची साक्षांकित प्रतही जोडा.

---

माणगंगा_७२

एफआयआरचा मुद्दाही घ्या. फिर्याद घेतली नाही तर ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचं चित्रण फिर्यादीला मागता यावं. हे घातलंत तर आमच्या गावच्या ग्रामसभेत मी विषय मांडतो.

---

रानजाई

घेतलं दादा. तुमच्याच शब्दांत.

---

बांधावरचा_बाबा

जिल्हा परिषदेत दोन वेळा सदस्य होतो, म्हणून कामाचं सांगतो. अध्यक्षांना भेटून नुसतं निवेदन दिलंत तर ते स्वीय सहायकाच्या फाइलीत जाईल. ठराव करून घ्या. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत यायला हवा, ऐनवेळच्या विषयांत टाकू देऊ नका, तिथे तो वाचून दाखवण्याआधीच सभा संपते. सूचक आणि अनुमोदक दोन वेगवेगळ्या पक्षांचे घ्या, शक्य असेल तर एक सत्ताधारी. आधी पाच-सहा गावांच्या ग्रामसभांचे ठराव जोडा, मग सदस्याला "हा माझ्या गटाचा विषय नाही" असं म्हणता येत नाही. सभेनंतर इतिवृत्त कायम होतं ते पुढच्या सभेत, तेव्हा हजर राहून शब्द तपासा. "अध्यक्षांनी मागणी करावी" चं "विचार करावा" व्हायला वेळ लागत नाही. आमच्या भागातले दोन सदस्य मी बोलून तयार करतो. मसुद्याची स्वच्छ प्रत आणि तुमचं "निरंक"चं उत्तर मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, सभेची नोटीस निघायच्या आत.